उदाहरण कोणाच्या बाजूने उभे आहे?

महोदय,

आपल्या दैनिकाच्या स्पर्धा परीक्षा पानावर युक्तिवादावरील सरावप्रश्न नियमितपणे प्रसिद्ध होतात. त्यांची उत्तरे बिनचूक असतात. परंतु सोबतचे स्पष्टीकरण बहुधा एका ओळीत आटोपलेले असते, आणि उतारा एखाद्या उदाहरणाभोवती रचलेला असेल तर त्या एका ओळीचा विद्यार्थ्याला काहीच उपयोग होत नाही. तर्कशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला ही उणीव जरा अधिकच खुपते, म्हणून हा पत्रप्रपंच.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये पूर्व परीक्षेत आकलन आणि तर्कक्षमता तपासणारी ‘सीसॅट’ची प्रश्नपत्रिका आणली आणि २०१५ पासून ती केवळ पात्रतेपुरती ठेवली. २०० पैकी ६६ गुण मिळाले की सुटलो, या हिशेबामुळे तिच्या तयारीत समजुतीपेक्षा क्लृप्त्यांना भाव आला. त्यातली एक क्लृप्ती मी अनेक विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकली आहे: ‘उदाहरणार्थ’ हा शब्द दिसला की ते वाक्य खोडून टाकायचे आणि थेट निष्कर्ष शोधायचा. केवळ मध्यवर्ती विचार विचारला असेल तर हे एखादे वेळी निभावून जाते. मात्र उताऱ्यातील अमुक विधानाची भूमिका काय, लेखक अमुक गोष्टीचा उल्लेख कशासाठी करतो, कोणत्या माहितीने हा युक्तिवाद दुबळा होईल, असे प्रश्न आले की खोडलेल्या वाक्यातच उत्तर दडलेले असते. परदेशातील व्यवस्थापन आणि विधी शिक्षणासाठी जीमॅट किंवा एलसॅट देणाऱ्या आपल्या मुलांना तर असे प्रश्न हमखास भेटतात.

नमुन्यादाखल मी रचलेला एक उतारा देतो. ‘जलसंधारणाची कामे पुरेशी झाली की टंचाई संपते, असे काही जण मानतात. ही समजूत अपुरी आहे. टंचाईवर मात केलेल्या हिवरे बाजार या गावाने बंधारे आणि समतल चर तर केलेच, शिवाय शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास बंदी घातली आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. उपशावर गावाचे नियंत्रण नसेल तर साठवलेले पाणी टिकत नाही.’ तिसऱ्या वाक्याची भूमिका काय, असे विचारले की बरेच विद्यार्थी ‘मुख्य निष्कर्ष’ हा पर्याय निवडतात, कारण उताऱ्यातील सर्वांत ठोस आणि लक्षात राहणारे वाक्य तेच असते. काही जण ‘लेखक ज्याचे खंडन करतो त्या मताला आधार’ असे उत्तर देतात, कारण त्या वाक्यात बंधाऱ्यांचा उल्लेख आहे आणि पहिल्या वाक्यातील मतही जलसंधारणाच्या कामांविषयीच आहे. दोन्ही गट वाक्यात काय आहे ते वाचतात, पण ते वाक्य कोणत्या दाव्याला धरून आले आहे हे पाहात नाहीत. इथे दावा चौथ्या वाक्यात आहे आणि हिवरे बाजार त्याच्या बाजूने साक्ष देते आहे.

आता याच उताऱ्यावर दुसरा प्रश्न विचारू: कोणती माहिती मिळाल्यास हा युक्तिवाद अधिक भक्कम होईल? बहुतेकांचा हात बंधारेही बांधणाऱ्या, निर्बंधही पाळणाऱ्या आणि यशस्वी झालेल्या आणखी एका गावाकडे जातो. त्याने थोडी भर पडते, नाही असे नाही. परंतु दावा आहे तो नियंत्रणाशिवाय पाणी टिकत नाही असा. तेव्हा खरे बळ मिळेल ते बंधारे तितकेच बांधूनही उपसा मोकळा सोडलेल्या आणि उन्हाळ्यात पुन्हा कोरड्या पडलेल्या गावामुळे. नियंत्रण नसताना पाणी टिकवून धरणारे एखादे गाव दाखवता आले, तर उलट हा दावा जसाच्या तसा उभा राहणार नाही.

हा विचार आपल्याकडे काही नवा नाही. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या पाठ्यग्रंथातील अनुमान संस्कृत घेतलेल्या अनेकांना आठवत असेल: पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (नियम प्रस्तुत प्रसंगाला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) या अनुमानाच्या पाच अवयवांत, म्हणजे पायऱ्यांत, उदाहरण तिसरे. पण त्या अवयवात नुसते ‘जसे स्वयंपाकघर’ एवढेच म्हणत नाहीत, तर आधी ‘जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी’ हा नियम सांगतात. म्हणजे उदाहरण ज्या नियमासाठी आले तो नियम त्याच्या शेजारीच उभा असतो. स्वयंपाकघराच्या जोडीला जलाशयही येतो, जिथे अग्नी नाही म्हणून धूरही नाही. वरच्या उताऱ्यात कोरड्या पडलेल्या गावाची उणीव भासते ती याच जागी. आणि ‘जेथे अग्नी तेथे धूर’ असा उलटा नियम कोणी मांडलाच, तर तो मोडायला लोखंडाचा एक तापलेला गोळा पुरतो: त्यात अग्नी मानतात, पण धूर नसतो.

एका उदाहरणाचे वजन किती, याचे म्हणूनच एकच एक उत्तर देता येत नाही. अवर्षणप्रवण भागातील गाव पाण्याबाबत स्वयंपूर्ण होऊच शकत नाही, असे कोणी म्हणाले तर एकटे हिवरे बाजार ते विधान खोटे ठरवते. हिवरे बाजारला जमले म्हणून प्रत्येक गावाला जमेल, असे म्हटले की तेच उदाहरण तोकडे पडते. पोपटराव पवारांसारखे १९८९ पासून टिकलेले नेतृत्व, गावाचा लहान आकार, ग्रामसभेची शिस्त अशा किती अटी त्या यशामागे असतील! अग्नीपासून धूर निघायला ओले इंधन लागते. ही न सांगितलेली अट नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, उपाधी या नावाने केव्हाच हेरून ठेवली होती. ‘गृहीतक ओळखा’ या प्रश्नप्रकारात पुष्कळदा तीच शोधायची असते.

आणखी एक जागा फसवी आहे. ‘अर्थात’ किंवा ‘हे खरे की’ अशी सुरुवात करून लेखक कधीकधी प्रतिपक्षाचे उदाहरण स्वतःच मांडतो आणि पुढच्या वाक्यात ‘परंतु’ म्हणून त्याला उत्तर देतो. घाईने वाचणाऱ्याला ते उदाहरण लेखकाचेच वाटते आणि उत्तर नेमके उलटे जाते. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण वजा होत असताना अशी चूक परवडणारी नाही.

तेव्हा विनंती अशी की, अशा प्रश्नांच्या स्पष्टीकरणात उदाहरण कोणत्या विधानाशी बांधलेले आहे ते विधान अधोरेखित करून छापावे आणि चुकीचा प्रत्येक पर्याय का चुकतो तेही लिहावे. जागेची अडचण असेल तर प्रश्न निम्मे केले तरी चालतील. चारही पर्यायांचा हिशेब मात्र द्यावा.

आपला,
तर्कशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा