चित्रांच्या गोष्टींची जुनी पुस्तकं

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

नातवंडांसाठी जुनी चित्रांची पुस्तकं बाहेर काढताय, तर ती त्यांच्या हातात पडतील अशाच बेताने दुरुस्त करा. काचेआड ठेवायची तर एवढी खटपट कशाला?

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी मुळीच लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. पट्टी गळून पडते, डाग मात्र राहतो. त्याऐवजी पातळ जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरा. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीसेक मिनिटं सतत ढवळत शिजवा, गार झाल्यावर गाळा आणि सायीइतकी सैल करा. मैद्याची खळ नको, ती पिवळी पडते. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, तीही नको, कारण तांब्यामुळे कागद लवकर जळतो. खळ थोडीच करा, दोन-चार दिवसांत ती नासते.

टिश्यूची सेंटीमीटरभर रुंद पट्टी कात्रीने न कापता ओल्या ब्रशची रेघ ओढून हाताने फाडा. कडेचे तंतू मोकळे राहिले की जोड उठून दिसत नाही. पट्टी मजकुराच्या बाजूने लावा, चित्रावर नको. वर बटर पेपर, त्यावर टीपकागद, मग वजन. आधी कोपऱ्यात ओला कापूस टेकवून रंग सुटत नाही ना ते पाहा. गुळगुळीत आर्ट पेपरला तर खळ अगदी कोरडीच हवी. तो कागद भिजून मिटलेला वाळला की पानं कायमची चिकटतात.

बाबा, पातळ पुस्तकांच्या पिना गंजल्या असतील तर त्या हळूच उचकटून काढा आणि तुम्ही दोऱ्याने शिवा. दोरा पुस्तकाच्या उंचीच्या तिप्पट घ्या. घडीवर तीन भोकं पाडा. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, मधलं ओलांडून खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा. टाका फार ओढू नका, कागद चिरतो.

पुस्तकं बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि वर्तमानपत्रात तर अजिबात गुंडाळू नका. त्यातलं आम्ल चित्रांत उतरतं.

आता वाचण्याबद्दल. ही पुस्तकं बहुधा 32 पानांची असतात, कारण छापील ताव घडी घालून पानं आठच्या पटीत पडतात. एवढ्या थोड्या जागेत चित्रकाराने पान उलटण्याची जागा नेमकी ठरवलेली असते. म्हणून आई, उजव्या पानावरचं पात्र उजवीकडे धावतंय असं दिसलं की तिथे क्षणभर थांब आणि ‘आता काय होईल?’ असं विचारून मगच पान उलट. वेष्टणाच्या आतलं रंगीत कोरं पानही दाखव, गोष्टीचा सूर बऱ्याचदा तिथेच लागतो.

मजकूर सांगत नाही ते चित्र सांगतं, आणि मला वाटतं या पुस्तकांची गोडी त्यातच टिकून आहे. मॉरिस सेंडॅकच्या 1963 सालच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये मुलाची कल्पना वाढते तशी चित्रं मोठी होत जातात आणि मध्ये तीन जोडपानं एकही शब्द नाही. तिथे आपणही बोलू नये, पोरांना निवांत पाहू द्यावं. बीट्रिक्स पॉटरने 1902 सालचं पीटर रॅबिट मुद्दाम लहान आकारात काढायला लावलं, छोट्या हातांत मावावं म्हणून. तेव्हा असलं पुस्तक तुम्ही धरून दाखवू नका, त्यांच्याच हातात द्या. तीच गोष्ट दहादा मागितली तरी वाचा. दर खेपेला त्यांना कोपऱ्यातला एखादा उंदीर नव्याने सापडतो.

टिश्यू आणि सत्त्व मी पाठवते. तोवर पानांवरची धूळ मऊ ब्रशने घडीकडून कडेकडे झाडून ठेवा, ओलं फडकं लावू नका.

तुमची,
लेक