सिस्टर, तुमच्या कडकपणाचे आभार

आदरणीय सिस्टर,

आई राहते त्या वृद्ध शुश्रूषा केंद्रात उलट्या-जुलाबांची साथ आली, तेव्हा तुम्ही बऱ्याच जणांचा रोष ओढवून घेतलात. एकत्र जेवणं बंद, भेटी बंद. दारावरच्या सॅनिटायझरकडे वळणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही ऐकवायचात, "त्यानं भागणार नाही, साबण-पाणीच हवं. अंगठे राहिले, पुन्हा धुवा." या उलट्या-जुलाबांमागच्या विषाणूपुढे, नोरोव्हायरसपुढे, सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलचं फारसं चालत नाही, हे तुम्ही न कंटाळता सांगत राहिलात. (हातमोजे तेच आणि पेशंट दुसरा, हे तर तुम्हाला लांबूनच दिसायचं!)

पण मला आभार मानायचेत ते मुख्यतः रजेबद्दल. उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास कामावर यायचं नाही, हा नियम कागदावर असतोच. पगार कापला जाणार असेल तर तो पाळणार कोण? हातावर पोट असलेली मावशी गोळी घेऊन येणारच, आणि तिच्याबरोबर आजारही खोलीखोलीत फिरणार. तुम्ही व्यवस्थापनाशी भांडून ती रजा भरपगारी करून घेतलीत. साथ आटोक्यात आली त्यात ब्लीचइतकाच या रजेचा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आईच्या लघवीच्या नळीचंही तसंच. पिशवी मूत्राशयाच्या खाली आहे ना, जमिनीला टेकत नाही ना, हे तुम्ही स्वतः वाकून बघायचात. आणि राउंडला डॉक्टर आले की, "ही नळी अजून लागतेय का?" नळी जितके दिवस आत, तितका संसर्गाचा धोका वाढतो. ती काढल्यावर आईला हात धरून बाथरूमपर्यंत न्यायचं काम मावशींवर वाढलं, तेही त्यांनी कुरकुर न करता केलं. नंतर एकदा आई अचानक असंबद्ध बोलू लागली, जेवेना. अंगात ताप नव्हता. म्हातारपणी संसर्ग तापाशिवायही येतो, हे ओळखून तुम्ही तिचा श्वास मोजलात आणि लगेच डॉक्टरांना बोलावलंत. न्यूमोनिया वेळेत सापडला.

दारांच्या मुठी, कॉलबेलची बटणं, पलंगाचे कठडे दिवसातून कितीदा तरी पुसणाऱ्या सफाईच्या दादांनाही माझे आभार कळवा.

भेटी पुन्हा सुरू झाल्याचं कळलं. फ्लूची लस घेतली आहे. येताना कागद बरोबर आणते, तुम्ही विचारणारच.

आपली,
तुमच्याकडच्या एका आजींची मुलगी