माझ्या वाटची प्रार्थना म्हणणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे. माझे यजमान वारल्यावर मला जे ऐकावं लागलं, तेही चारचौघांतच ऐकवलं गेलं होतं. विश्वास कमी पडला असेल. प्रार्थना करताना मनात संशय असेल. एखादं पाप कबूल करायचं राहिलं असेल. सांत्वनाला आलेली माणसं आमच्या घराचा असा हिशेब मांडून गेली. यांना बायबलची वचनं तोंडपाठ आहेत, मग त्यातलं, दुःखाने पिचलेल्या ईयोबाचं पुस्तक शेवटपर्यंत वाचत नाहीत का? त्याचे मित्र सात दिवस जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर सगळं बरं होतं. मग ते बोलू लागले, कारणं शोधू लागले, आणि अखेर देवाचा राग भडकला तो त्या मित्रांवर.

तुम्ही मला काहीच समजावलं नाहीत. त्या रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना चालली होती. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ इथे माझा आवाजच गेला. ते शब्द काही केल्या तोंडातून निघेनात. तुम्ही शेजारी होतात. वळून पाहिलं नाहीत, पाठीवर हातही ठेवला नाहीत, ठेवला असतात तर मी तिथेच कोसळले असते. थोडं झुकून एवढंच पुटपुटलात, “राहू दे. तुझ्या वाटचं मी म्हणते.” आणि पुढचं सगळं जरा मोठ्याने, मला ऐकू येईल असं म्हणत राहिलात. पार आमेनपर्यंत.

घरी येऊन मी लूकच्या शुभवर्तमानाचा 22 वा अध्याय उघडला. येशूचा शिष्य पेत्र त्याला म्हणतो, तुझ्याबरोबर तुरुंगात येईन, मरायलाही येईन. कोंबडा आरवायच्या आत तो आपल्याला तीनदा नाकारणार, हे प्रभूला ठाऊक आहे. पण ते सांगण्याआधीच प्रभू म्हणतो की, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पडण्याच्या आधीच विनंती करून ठेवलेली! त्याच अध्यायात, त्याच रात्री, ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ म्हणताना प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. त्यालाही ते शब्द इतके जड गेले, तर माझी जीभ अडली म्हणून माझा विश्वास मोजणारे हे कोण?

मार्कच्या शुभवर्तमानातला पक्षाघाती आठवा. चौघांनी खाटेसकट उचलून येशूकडे आणला, छप्पर उघडून खाली सोडला. त्याने स्वतः काही मागितल्याचं तिथे लिहिलेलं नाही. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. त्या रविवारी माझी खाट तुम्ही एकटीने उचललीत, मावशी.

तुमच्यासारख्यांना कोणी पुढे बोलावून साक्ष द्या म्हणत नाही. तुम्ही आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढता, रडणाऱ्याला रडू देता, आणि देवाने असं का केलं याचं उत्तर आपल्याकडे असल्याचा आव आणत नाही. देवावर भरवसा ठेवणं मी वचनांच्या पाठांतरातून जेवढं शिकले, त्याहून जास्त तुमच्या शेजारी बसून शिकले.

अजूनही काही रविवारी मी त्याच ओळीवर थांबते. तुम्हाला यायला उशीर झाला तर काळजी करू नका. बाकावर तुमची जागा धरून ठेवायला मी लेकीला सांगितलं आहे.

तुमच्या मंडळीतली,
एक बहीण