जिभाऊ, डबल दांडीची सायकल कापू नका

फेअरफॅक्स, कॅलिफोर्निया

तीर्थरूप जिभाऊंस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोटो मिळाले. दूधवाल्याची जुनी डबल दांडीची सायकल, तिला रुंद टायर, पुढे शॉकप (झटके झेलणारा स्प्रिंगचा चिमटा), मागे गिअर, आणि लहान्या म्हणतो ‘आपण माउंटन बाइक घरीच बनाडू’. जरूर बनवा. पण शॉकपसाठी हेडची नळी (हँडलखालची, जिच्यात चिमट्याचा दांडा फिरतो) कापून मोठी बसवायचा विचार आहे ना, तेवढं हे पत्र वाचेपर्यंत थांबवा. माउंटन बाइक बनवणाऱ्या इथल्या मंडळींनीही सुरुवात भंगारातूनच केली होती, आणि त्यांचं काय काय मोडलं हे कळलं की आपलं निम्मं काम वाचतं.

१९७० च्या दशकात या गावालगतच्या डोंगरावर पोरं १९३०-४० च्या श्विन एक्सेलसिअर सायकली घेऊन उतारावर सुटायची. २६ × २.१२५ चे जाड टायर, आणि मागे उलटं पॅडल मारल्यावर लागणारा ब्रेक. २१ ऑक्टोबर १९७६ ला पहिली शर्यत झाली. तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये सुमारे ४०० मीटर उतार! खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस धूर होऊन निघून जायचं. प्रत्येक फेरीनंतर हब खोलून ग्रीस परत भरायचं, म्हणून त्या वाटेचं नावच ‘रिपॅक’ पडलं. त्यामुळे पहिला बदल फ्रेमचा नव्हताच, ब्रेकचा होता: पुढे-मागे ड्रम ब्रेक आणि मोटरसायकलचे लिव्हर. त्यांच्यातल्याच गॅरी फिशरने त्यात गिअर घातले, म्हणजे डोंगर चढताना सायकल ढकलायला नको.

मग फ्रेमची पाळी आली. त्या शर्यतींत पळणाऱ्या जो ब्रीझने १९७७ मध्ये क्रोमोली (मजबूत मिश्र पोलाद) नळ्यांची नवी फ्रेम बनवली, पण हेडचा तिरपा कोन मुद्दाम जुन्या श्विनसारखा ठेवला, कारण तीच सायकल उतारावर सरळ राहायची. आपल्या काळ्या सायकलीचाही चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, असाच पुढे झुकलेला असतो, ही तिची जमेची बाजू. गंमत म्हणजे ब्रीझनेही डबल दांडीच लावली होती: हेडपासून मागच्या ॲक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी एकेक बारीक नळी. पुढे त्याने ती काढून टाकली. वजन वाढतं आणि त्या मानाने ताठपणा मिळत नाही. मागच्या कॅरिअरवर दुधाचे कॅन टांगायचे तर डबल दांडी ठीक, पण उतारावर सगळा मार हेड आणि खालच्या नळीच्या (हेडपासून पॅडलकडे जाणाऱ्या) सांध्यावर येतो.

फ्रेम बनवणाऱ्या टॉम रिचीने १९७९ पासून सांध्यांवर तयार सॉकेट (नळ्यांची टोकं ज्यात बसतात ते तुकडे) वापरणंच सोडलं. जाड नळ्यांना आणि वेगळ्या कोनांना बसणारी सॉकेटं मिळतच नव्हती, म्हणून नळीला माशाच्या तोंडासारखी खाच देऊन पितळेचा गोल भराव घालायचा. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानात बनवून घेतलेली स्टम्पजम्पर सायकल आणली आणि माल बाजारात आला. इकडे चार्ली कनिंगहॅम हा दुसरा कारागीर ॲल्युमिनियमच्या मागे लागला. ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच, म्हणून नळी मोठ्या व्यासाची घ्यावी लागते. पातळ पत्र्याच्या नळीचा पत्रा तेवढाच ठेवून व्यास दुप्पट केला की ताठपणा आठपट होतो. त्या फ्रेम जाडजूड दिसतात त्या एवढ्याचसाठी. आपल्या दुकानात मात्र ॲल्युमिनियमच्या नादी लागू नका. वेल्डिंगनंतर भट्टीत ठरावीक तापमान दिलं नाही तर सांध्याशेजारी नळी मऊच राहते.

आता शॉकप. पॉल टर्नरचा रॉकशॉक्स हा शॉकप १९९० च्या सुमारास विकायला आला, त्याची हालचाल जेमतेम ४८ मिलिमीटर होती. लांब चिमटा जुन्या फ्रेमला लावला की दोन गोष्टी होतात. दर २० मिलिमीटर उंचीमागे हेड सुमारे एक अंश मागे पडतं आणि सायकल चढाला हेलकावते. आणि लांब चिमटा पहारीसारखा खालच्या नळीला उपसत राहतो, तडा हेडच्या मागे खालच्या अंगाला जातो. त्यात तुमच्या सायकलीच्या चिमट्याची हेडमध्ये जाणारी नळी १ इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि शॉकपची २८.६. म्हणून तर लहान्याला हेड कापायचंय. शॉकप नकोच. मूळ चिमटा राहू द्या.

चाकांतही फसगत आहे. ‘२६’ म्हटलं की एकच माप असं नाही. रुंद टायरची रिम ५५९ मिलिमीटरची असते, २६ × १⅜ ची ५९०. टायरच्या कडेला ५४-५५९ (टायरची रुंदी आणि रिमचं माप) असं छापलेलं बघूनच घ्या. तुमची सध्याची २८ × १½ ची रिम ६३५ ची आहे. ५५९ लावली की ब्रेक ३८ मिलिमीटर खाली आणावे लागतात, सळईचे ब्रेक बाद होतात, आणि पॅडल सुमारे २४ मिलिमीटर खाली येऊन सातपुड्यातल्या दगडांना घासतात. मागच्या दोन नळ्यांमध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना निदान ६-७ मिलिमीटर मोकळं हवं. नाहीतर पावसाळ्यात आपली काळी माती तिथेच थापली जाऊन चाक अडतं, आणि मडगार्ड असेल तर विचारूच नका.

नवी फ्रेम करायची ठरलीच तर फर्निचरची पाईप आणि आर्क वेल्डिंग दोन्ही नको. ०.९ मिलिमीटर पत्र्याच्या नळीला आर्कने भोकच पडतं. गॅसवर पितळेने जोडा. खाच अशी घासा की उजेड आरपार दिसता कामा नये, कारण फट राहिली तर पितळ भरतं पण पोलाद पोलादाला टेकत नाही. नळी केशरी लाल झाली की पितळ वाहतं. पिवळी होऊ देऊ नका, जास्त तापलं की पितळ पोलादाच्या कणांत घुसतं आणि सांध्याशेजारी नळी तडकते. पाण्यात बुडवू नका, हवेत गार होऊ द्या. हेडखाली तिकोनी पत्र्याचा टेकू दिलात तर त्याचं मागचं टोक आडवं जोडू नका, मोकळं सोडा. आडवा जोड म्हणजे तड्याला दाखवलेली वाट. हेडची नळी तापून अंडाकृती होते, म्हणून बेअरिंगचे कप ठोकण्याआधी आतून घासून गोल करा.

आधी एक करा. एका बाजूच्या मागच्या ॲक्सलच्या खाचेला दोरा बांधा, हेडवरून वळसा देऊन दुसऱ्या बाजूच्या खाचेला आणा आणि ताणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीने मोजा. फरक १ मिलिमीटरच्या आत असला तर ही फ्रेम चाकं आणि ब्रेक बदलून रस्त्याला वापरायच्या लायकीची आहे. जास्त भरला तर आधीच कुठेतरी वाकलेली आहे, मग तिच्यावर पितळ खर्चू नका. दोन्ही मापं फोनवर कळवा.

काकूंना नमस्कार, लहान्याला आशीर्वाद.

आपला पुतण्या