सवयीचा तक्ता आणि एक चुकलेला दिवस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतले ‘२१ दिवसांत खाण्याच्या सवयी बदला’ हे पान वाचले आणि मनस्ताप झाला. भाज्या-फळे वाढवा, मीठ-साखर कमी करा, इथवर लेखाशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते शेजारच्या चौकटीशी. कापून भिंतीवर लावायचा तक्ता, रोज एक चौकोन रंगवायचा आणि खाली ठळक अक्षरांत सूचना: एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करा.

असाच तक्ता माझ्या धाकट्या बहिणीच्या फ्रिजवर होता. रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी मीठ कमी करायला बजावलेले. ती मनापासून करत होती. जेवताना वरून मीठ घेणे बंद, दुपारच्या वेफर्सऐवजी फळ. बरेचसे चौकोन हिरव्या स्केचपेनने भरत आले होते. मग मुलगा तापाने फणफणला. दवाखान्यात ताटकळत बसल्यावर हाताला लागले ते तिने खाल्ले, म्हणजे वेफर्सचे पाकीट. रात्री घरी आली, तो नियम पुन्हा वाचला आणि तक्ता ओढून काढला. मला फोनवर म्हणाली, ‘ताई, माझ्यात तेवढी चिकाटीच नाही गं.’ दिवसभर आजारी लेकराला सांभाळणारी बाई हे स्वतःबद्दल म्हणत होती! पुढे कित्येक महिने तिने पथ्याचे नाव काढले नाही. मध्यंतरी गोळीचा डोस वाढला. तुमच्या चौकटीतली ती एक ओळ वाचून मला तिचा तो आवाज आठवला, म्हणून हे पत्र.

मुळात हे २१ दिवस आले कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहून ठेवले की शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला आणि चेहऱ्याचा हिशेब जेवणाला लागू झाला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात हे प्रत्यक्ष तपासले. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी गोष्ट निवडली आणि ती रोज ठरलेल्या प्रसंगाला जोडून १२ आठवडे केली. सवय पक्की व्हायला लागणारा काळ मधल्या अंदाजाने ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक (१२ आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेला अंदाज आहेत). त्याच अभ्यासात हेही दिसले की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडत नाही. म्हणजे आपल्या तक्त्याखालची सूचना नेमकी उलटी आहे. आपल्या लेखकांनी हे आधी का पाहिले नाही?

बहिणीचा जम पुढे बसला, पण तक्त्याविना. मिठाची डबी टेबलावरून उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. ऑफिसच्या पिशवीत फळ रात्रीच जाऊन बसते आणि दुपारचे जेवण झाले की ते खायचे, एवढेच ठरले. एखाद्या दिवशी राहिले तर राहिले, दुसऱ्या दिवशी पुढे चालू. सुरुवातीचे काही आठवडे तिला सगळेच अळणी लागे. आता पाकिटातले सूप तिला तोंडात धरवत नाही. जीभ सरावते, फक्त तिला तेवढा वेळ द्यावा लागतो. हे आपल्या पानावर एका वाक्यातही नव्हते.

मिठाबद्दल ‘प्रमाणात खा’ लिहून भागवले आहे, तेही खटकले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा, आणि तोही लहान. पाकिटांवर बहुतेक वेळा मीठ न लिहिता सोडियम लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. आणि तो आकडा पूर्ण पाकिटाचा आहे की एका वाढणीचा, हे आधी बघायचे. एवढे छापले असते तर रक्तदाबाच्या रुग्णाला दुकानात उभ्या उभ्या उपयोग झाला असता.

जाता जाता आणखी एक. त्याच पानाच्या तळाशी अर्धे पान भरून डबाबंद फळांच्या रसाची जाहिरात होती, ‘साखर न घातलेला’ असे मोठ्या अक्षरांत. फळाच्या रसातली मूळची साखरसुद्धा आरोग्य संघटना मर्यादित ठेवायच्या साखरेतच मोजते. अख्ख्या फळातली मोजत नाही. २०१५ च्या तिच्या शिफारशीप्रमाणे दिवसभरातल्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा अशा साखरेतून यावी, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅमपेक्षा कमी, आणि निम्म्यावर आणता आली तर उत्तम. रसाच्या एका मोठ्या ग्लासातच २० ग्रॅमच्या आसपास साखर सहज असते. वर ‘साखर कमी करा’ आणि खाली हा रस, यातले वाचकाने काय घ्यायचे? जाहिराती लागतात हे मला समजते. पण आरोग्याच्या पानावर तरी ही निवड नीट व्हावी.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या आठवड्यात त्याच जागी, तेवढ्याच आकाराच्या चौकटीत, ती सूचना मागे घेतल्याचे छापा. ज्यांनी काल तो तक्ता कापून लावला असेल, त्यांना चौकोन एखाद्या दिवशी कोरा राहिला तरी पुढचा रंगवायला घ्या, असे स्पष्ट शब्दांत सांगा.

आपली,
एक नियमित वाचक