नौदलाच्या ध्वजाचा अर्धवट इतिहास

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नौदलाच्या ध्वजावरचा लेख काल वाचला. नाशिकच्या वर्तमानपत्राने समुद्राला अर्धं पान दिलं याबद्दल आभार. पण ध्वजावरचा इंग्रजांच्या काळापासूनचा लाल क्रॉस थेट २०२२ साली गेला, असं त्यात म्हटलंय, हे साफ चूक आहे. १५ ऑगस्ट २००१ रोजीच तो काढला होता. त्याजागी आलेलं निळं चिन्ह लांबून आभाळात आणि पाण्यात मिसळून जायचं, म्हणून २००४ मध्ये क्रॉस परत आणला, मधोमध अशोकस्तंभ घालून. निशाण लांबून ओळखू यावं यासाठीच असतं. लेखकाने हे कारण गाळून सगळा दोष गुलामी मनोवृत्तीवर टाकला.

मी नौदलाच्या सिग्नल शाखेत, म्हणजे निशाणं आणि संदेशांच्या कामावर, नोकरी केली. नवे फ्लॅग ऑफिसर, म्हणजे स्वतःचा ध्वज लावायचा मान असलेले ॲडमिरल हुद्द्याचे अधिकारी, आले की त्यांचा ध्वज गुंडाळी करून डोलकाठीवर चढवायचा आणि टोकाला पोचताच दोरीला हिसका द्यायचा. गुंडाळी एका झटक्यात सुटली पाहिजे. अडकली तर अख्ख्या जहाजासमोर शोभा! ताफ्याचा हुकूम आता कोणाचा चालतो, हे बाकीच्या जहाजांना त्या कापडावरून कळतं. लेखात याचा उल्लेखही नाही.

आणि नौदल चालवणारी माणसं? स्वातंत्र्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं आपल्या नौदलाच्या प्रमुखपदी इंग्रज अधिकारीच होते. करिअप्पा १९४९ साली लष्करप्रमुख झाले, रामदास कटारींना नौदलप्रमुख व्हायला २२ एप्रिल १९५८ उजाडावा लागला. त्यांचं नावच नाही! भास्कर सदाशिव सोमण, आपला मराठी माणूस, १९६५ च्या युद्धात नौदलप्रमुख, त्यांना तुम्ही 'ॲडमिरल' छापलंत. ते व्हाइस ॲडमिरल होते, तीन तारे. प्रमुखपदाला चौथा तारा, म्हणजे पूर्ण ॲडमिरलचा हुद्दा, १९६८ साली नौदलप्रमुख ए. के. चॅटर्जींच्या वेळी मिळाला.

मला राग येतो कारण हे इथे नेहमीचंच आहे. मागच्या नौदलदिनाला, ४ डिसेंबरला, इथल्या एका शाळेने मला भाषणाला बोलावलं. फलकावर जुना क्रॉसवाला ध्वज. २०२२ पासूनचा नवा, शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनी चिन्हाचा, महाराष्ट्रातल्या शाळेत तरी तो हवा ना? सांगितलं तर उत्तर मिळालं, "काका, मुलांना काय कळतंय!" वर ओळख करून दिली ती 'लष्करातले निवृत्त' अशी. देवळालीला तोफखाना आहे म्हणून नाशिकात वर्दीतला प्रत्येक माणूस तोफखान्यातलाच धरतात. मुलांना कळतं, हो. भाषणानंतर एका मुलीने विचारलं, ॲडमिरल बदलले की ध्वज बदलतो का? शिक्षकांपैकी कोणाला हा प्रश्न पडला नव्हता.

दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर, ठळक छापावी, आतल्या कोपऱ्यात नको. आणि पुरवणीचा टाइप जरा मोठा करा. फ्लॅटच्या जाहिराती वाचता येतात, लेख वाचायला भिंग घ्यावं लागतं.

आपला,
एक माजी नौसैनिक, इंदिरानगर, नाशिक