शालेय आरोग्य तपासणीत झोपेची विचारपूस हवी

महोदय,

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढला. मुलांची झोप पुरी होत नसल्याचा मुद्दा तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मांडला, त्यानंतर हे घडले. पुढची चर्चा मात्र स्कूलबसच्या फेऱ्या आणि दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांच्या अडचणी यांभोवतीच फिरत राहिली. शाळा उशिरा भरल्याचा लाभ ज्यांना झोपायला वेळच मिळत नाही त्या मुलांना होतो. नऊ-दहा तास अंथरुणात काढूनही ज्यांना नीट झोप लागत नाही, अशा मुलांचा विचार अद्याप कोणी केलेला दिसत नाही.

यांतले सर्वांत दुर्लक्षित लक्षण म्हणजे घोरणे. ‘दिवसभर हुंदडतो, म्हणून ढाराढूर झोपतो’ असे आई-वडील कौतुकाने सांगतात. सर्दीपडशात चार दिवस घोरणे वेगळे. पण सर्दी नसतानाही आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री मूल घोरत असेल, तोंड उघडे टाकून व मान मागे ताणून झोपत असेल, घामाने उशी भिजत असेल आणि मध्येच श्वास थांबून मग दचकून सुरू होत असेल, तर बहुधा नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी किंवा टॉन्सिल वाढल्याने श्वासाची वाट अडते आहे. दोन ते आठ वर्षे या वयात हे अधिक आढळते, कारण घशाच्या मानाने या ग्रंथी तेव्हाच सर्वांत मोठ्या असतात; वजन फार वाढलेल्या मुलांत ते पुढेही दिसते. अशा मुलाचा मेंदू श्वासासाठी रात्रभर पुन्हा पुन्हा अर्धवट जागा होतो. परिणामी सकाळी डोके दुखते, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, कधी वजन-उंचीही मागे पडते.

गोंधळ होतो तो दिवसाच्या वागण्यामुळे. झोप न झालेला मोठा माणूस पेंगतो. लहान मूल बहुधा उलट चेकाळते, चिडते, एका जागी बसत नाही. शिक्षक त्याला उनाड ठरवतात आणि हल्ली पालक थेट अतिचंचलतेच्या तपासणीसाठी घेऊन येतात. ती तपासणी जरूर करावी, पण त्याआधी मूल झोपते कसे, हे विचारले जावे. मोबाइलवर टिपलेले झोपेतले दोन मिनिटांचे चित्रण डॉक्टरांना पुष्कळ काही सांगून जाते. प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला शस्त्रक्रिया लागत नाही. काहींना नाकातला फवारा पुरतो, काहींचा त्रास वाढत्या वयात आपोआप कमी होतो. ते ठरवायचे काम कान-नाक-घसा तज्ज्ञांचे.

रात्री ‘पाय चेप’ म्हणून हट्ट धरणाऱ्या, सतत पाय हलवणाऱ्या मुलांच्या शरीरात लोह कमी असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला, हे पाहता ही शक्यता किरकोळ म्हणता येणार नाही. झोपेत दात खाल्ले की जंतांचे औषध देणे आणि रात्री मूल किंचाळून उठले की दृष्ट काढणे, हे आपल्याकडचे ठरलेले उपाय. (दृष्ट काढल्याने अपाय नाही, एवढे तिच्या बाजूने म्हणता येईल.) झोप लागल्यावर पहिल्या एक-दोन तासांत डोळे उघडे ठेवून किंचाळणारे आणि सकाळी काहीच न आठवणारे मूल गाढ झोपेतून अर्धवट बाहेर आलेले असते. त्याला गदागदा हलवून जागे करू नये. इजा होणार नाही एवढे पाहावे. खोकल्याचे गुंगी आणणारे औषध झोपेसाठी देण्याची सवय मात्र खरोखर घातक आहे.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. जेथे रात्रीचे जेवणच दहाला होते आणि टीव्ही असलेल्या एकाच खोलीत सारे घर झोपते, तेथे हा हिशेब जुळवणे सोपे नाही, याची जाणीव आहे. तरीही उठण्याची वेळ रविवारीही फारशी न बदलणे आणि निजण्यापूर्वी तासभर मोबाइल दूर ठेवणे, एवढे बहुतेकांना जमू शकेल.

सगळा भार पालकांवर टाकणे मात्र योग्य नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतात. केंद्राच्या मूळ यादीतील ३० आजारांत रक्तक्षय, कानाचा संसर्ग, दातांची कीड, अतिचंचलता आहे. झोपेचा विकार नाही. मूल घोरते का, झोपेत श्वास अडतो का, अंथरूण पुन्हा ओले करू लागले आहे का, वर्गात पेंगते का, हे चार प्रश्न तपासणीच्या अर्जात घालायला यंत्र लागत नाही की निधी. मुलाला हे सांगता येणार नाही, म्हणून अर्ज आदल्या दिवशी घरी पाठवून पालकांकडून भरून घ्यावा आणि पहिल्या दोहोंचे उत्तर ‘होय’ असल्यास जिल्हा रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागाकडे चिठ्ठी द्यावी. आरोग्य आणि शालेय शिक्षण या दोन्ही विभागांनी येत्या शैक्षणिक वर्षाच्या तपासणीपासून हा बदल करावा, अशी विनंती आहे.

– एक बालरोगतज्ज्ञ, सोलापूर